कथलाचा शिपाई कॅमेऱ्यासमोर

हान्स ख्रिश्चन अँडरसनची १८३८ सालची कथलाच्या शिपायाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी कुठल्या ना कुठल्या रूपांतरातून वाचलेली असते. कथलाच्या एका जुन्या चमच्यातून ओतलेले पंचवीस भाऊ, शेवटी धातू कमी पडल्यामुळे एकाच पायावर उभा राहिलेला एक, कागदी महालातली नर्तिका, गटार, मासा आणि अखेर शेगडी, एवढे सगळे लक्षात राहते. एक तपशील मात्र सहसा निसटतो. शेगडीच्या उजेडात उभ्या असलेल्या त्या शिपायाच्या अंगावरचा रंग उडालेला असतो. तो प्रवासात उडाला की दुःखाने, हे कुणालाच सांगता येत नाही, अशी नोंद निवेदक जाता जाता करतो. खेळण्यावरचा रंग हा त्या खेळण्याने भोगलेल्या आयुष्याचा पुरावा असतो, असे त्या नोंदीत गृहीत धरलेले आहे.

आज जगभर या शिपायांच्या वंशजांच्या स्पर्धा भरतात. दोन-तीन इंचांची धातूची, रेझिनची किंवा प्लॅस्टिकची मूर्ती हौशी रंगारी शेकडो तास खपून रंगवतो, तिची छायाचित्रे काढतो आणि परीक्षकांपुढे ठेवतो. तिच्याशी कुणी खेळत नाही. खेळले तर तो अपराध ठरेल. या मूर्तीला सोयीसाठी आम्ही 'लघुमूर्ती' म्हणतो. तिच्यावरचा रंग गेल्या अडीच शतकांत काय काय सांगत आला आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिल्यावर तिचे काय झाले, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. विषय छंदाचा असला तरी प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांच्या ओळखीचेच आहेत: कर्ता कोण, वाचक कोण, आणि कलाकृतीकडे कुठून पाहायचे.

१. गणवेशाचा रंग

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट या कारागिराने कथलाच्या चपट्या शिपायांना नावारूपाला आणले. पाटीच्या दगडात उलटे कोरलेले दोन साचे एकमेकांवर दाबायचे आणि मधल्या फटीत वितळलेला धातू ओतायचा, अशी ही पद्धत होती. बाहेर पडणारी आकृती जेमतेम मिलिमीटरभर जाड, म्हणजे जवळजवळ चित्रच असे. १८३९ साली त्याच शहरात एर्न्स्ट हाइनरिखसन याने सुरू केलेल्या कारखान्याने पुढे सुमारे ३० मिलिमीटर ही उंची रूढ केली. त्यामुळे वेगवेगळ्या पेट्यांतले शिपाई एकाच रणांगणावर शोभू लागले. लाकडी चिपांच्या डब्यांत भरून हे शिपाई वजनावर विकले जात.

त्यांना रंग देण्याचे काम घरोघरी चाले. बायका आणि मुले ठरलेल्या नमुन्याप्रमाणे ओळीने रंग लावत जात: आधी सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांच्या विजारी, मग टोप्या. प्रशियाचा निळा, ऑस्ट्रियाचा पांढरा, इंग्रजांचा लाल. येथे रंगाचे काम केवळ नोंदीचे होते. हा शिपाई कोणत्या राजाचा आणि कोणत्या पलटणीचा, एवढे त्याने सांगितले की काम संपले. रंग देणाऱ्या हातांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत; कोरणाऱ्यांची मात्र काही ठेवली आहेत.

कारखान्याने दिलेली ही ओळख खेळणाऱ्याच्या हातात गेल्यावर टिकत नसे, आणि इथेच साहित्याचा संबंध येतो. जून १८२६ मध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी लीड्सहून आपल्या मुलासाठी, ब्रॅनवेलसाठी, बारा लाकडी शिपाई आणले. शार्लटने १८२९ मध्ये लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार तिने त्यातला एक उचलून त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन ठरवले, ब्रॅनवेलने आपला बोनापार्ट केला, एमिली आणि ॲन यांनीही आपापले निवडले. बारा जवळजवळ सारख्या बाहुल्यांना चार मुलांनी चार वृत्तींची नावे दिली. त्यातून ग्लास टाउन आणि अँग्रिया ही कल्पित राज्ये उभी राहिली. आणि शिपायांच्याच मापाला शोभतील अशी, काही सेंटिमीटरांची, मुंगीच्या अक्षरांत लिहिलेली पुस्तके तयार झाली. 'जेन एअर'च्या लेखिकेची उमेदवारी या पुस्तकांत झाली. खेळता खेळता लाकडावरचा रंग झिजला असेल, पण त्याची तक्रार कुणी केलेली नाही. येथे मूर्तीचा वाचक म्हणजे मुलाचा हात होता.

१८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन या कंपनीने शिशाचे पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. साच्यात ओतलेले शिसे बाहेरून गोठताच आतले पातळ शिसे उलटून काढायचे, म्हणजे धातू वाचतो आणि वजनही घटते. ५४ मिलिमीटर उंचीचे, चकचकीत रंगाचे हे शिपाई इंग्लंडातील घराघरांत पोचले. एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात अशाच शिपायांच्या लढाईचे नियम मांडले आणि सोबत खेळाची छायाचित्रे छापली. लघुमूर्ती आणि कॅमेरा यांची ही एक जुनी आणि लक्षणीय गाठ. पण त्या छायाचित्रांत एकेका शिपायाचा चेहरा शोधण्यात अर्थ नाही. तिथे लढाई दिसते, जमिनीवर पसरलेले सैन्य दिसते. कॅमेरा खेळाची साक्ष देत होता. रंगाची परीक्षा त्याने अजून सुरू केलेली नव्हती.

२. प्रकाश लहान होत नाही

१९३५ मध्ये ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी स्थापन झाली. शिपाई आता मुलांच्या पेटीतून प्रौढांच्या कपाटात चढला. प्रौढ संग्राहकाला खेळायचे नव्हते. त्याला अचूकता हवी होती. अमुक साली अमुक पलटणीच्या कॉलरचा रंग कोणता होता, बटणे दोन-दोनच्या जोडीने होती की सारख्या अंतराने, यावर वाद झडू लागले. रंग अजूनही नोंदच करत होता, फक्त नोंद काटेकोर झाली होती. पण मूर्ती कपाटात ठेवून जवळून न्याहाळायची म्हटल्यावर एक वेगळीच अडचण पुढे आली.

अडचण अशी की, माणूस लहान करता येतो, प्रकाश लहान करता येत नाही. खऱ्या सैनिकाच्या अंगरख्याची घडी दोन-तीन इंच खोल असते आणि तिच्या तळाशी सावली साचते. तीच घडी ५४ मिलिमीटरच्या मूर्तीत जेमतेम दोन मिलिमीटर खोल राहते. खोलीतला दिवा मात्र पूर्वीइतकाच मोठा असतो. त्याचा प्रकाश त्या उथळ घडीत सहज शिरतो आणि सावली पुसून टाकतो. अचूक गणवेशरंग दिलेली मूर्ती म्हणूनच सपाट आणि निर्जीव वाटते. तेव्हा रंगाऱ्याला सावली रंगवावी लागते. पातळ केलेला गडद रंग मूर्तीवर सोडला की तो आपोआप खाचांत उतरतो. जवळजवळ कोरडा कुंचला वरून ओढला की उजळ रंग फक्त उंचवट्यांना लागतो. याहून कष्टाची वाट म्हणजे एकावर एक पातळ थर देत छायेपासून उजेडापर्यंत चढत जाणे. पद्धत कुठलीही असो, मूर्तीवर आता वस्तूचा रंग आणि प्रकाशाचा रंग असे दोन रंग एकत्र नांदू लागले.

मूर्तिकलेच्या इतिहासात हा प्रश्न नवा नाही. सतराव्या शतकातील सेव्हिल शहरात लाकडी धार्मिक मूर्ती कोरणारे आणि रंगवणारे कारागीर वेगळे असत. कोरणाऱ्याने रंगाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. हुआन मार्तिनेझ मोंतान्येसने १६०३ ते १६०६ या काळात कोरलेला क्रूसावरचा ख्रिस्त फ्रान्सिस्को पाचेको याने रंगवला. वेलास्केझचा गुरू आणि सासरा म्हणून आपण याला ओळखतो. मूर्तीची त्वचा घोटून चकचकीत करण्याची प्रथा त्या काळी चालू होती. पाचेको मॅट त्वचेच्या बाजूचा होता. यामागचे तत्त्व आजच्या लघुमूर्तीच्या रंगाऱ्याला नेमके कळेल. चकचकीत पृष्ठभागावर खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंब पडते आणि त्याच्या आड रंगाऱ्याने योजलेला उजेड हरवतो. मॅट पृष्ठभाग दिव्याचे ऐकत नाही, रंगाऱ्याचे ऐकतो. ब्रिटनच्या चकचकीत शिपायाकडून आजच्या मॅट लघुमूर्तीकडे झालेला प्रवास अभिरुचीच्या बदलाइतकाच प्रकाशावर हक्क कुणाचा, या वादाचाही आहे.

३. जिला इतिहास नाही अशी मूर्ती

येथवर गणवेशाची नोंद आणि प्रकाशाचा आभास यांची भागीदारी होती. ती मोडली कल्पनारम्य मूर्तींनी. गेम्स वर्कशॉप ही ब्रिटिश कंपनी १९७५ मध्ये सुरू झाली. १९७९ मध्ये तिच्याशी संलग्न अशी सिटाडेल मिनिएचर्स ही मूर्ती ओतणारी शाखा निघाली आणि १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा युद्धखेळ आला. १९८७ मध्ये कंपनीने 'गोल्डन डेमन' ही रंगकामाची स्पर्धा सुरू केली. तिचा सर्वोच्च सन्मान म्हणजे हातात धरता येईल अशी पुरी तलवार. सुमारे २८ मिलिमीटर उंचीच्या मूर्तीसाठी माणसाच्या मापाची तलवार, ही विसंगतीही बोलकी आहे.

या मूर्ती राक्षसांच्या, बुटक्यांच्या, परग्रहावरील योद्ध्यांच्या होत्या. त्यांची पलटण कुठल्याही दप्तरात सापडणार नव्हती. नेपोलियनच्या रक्षकदलातील सैनिकाचा कोट चुकीच्या निळ्या रंगाचा आहे, असे परीक्षक म्हणू शकतो. राक्षसाची कातडी चुकीच्या हिरव्या रंगाची आहे, असे त्याला कोणत्या आधारावर म्हणता येईल? आमच्या मते लघुमूर्तीच्या इतिहासातले खरे वळण हे आहे. मूर्तीला इतिहास उरला नाही तेव्हा रंगावरची नोंदीची जबाबदारी संपली आणि परीक्षेला फक्त पाहणे उरले: उजेड कुठून येतो, नजर आधी कुठे जाते, रंगांचा मेळ कसा बसतो. ऐतिहासिक कादंबरीकडून अद्भुत कादंबरीकडे जाताना वास्तवाशी असलेली निष्ठा जशी अंतर्गत सुसंगतीच्या निष्ठेत बदलते, तसेच काहीसे येथे घडले.

दुसरा बदल कर्तृत्वाचा. स्पर्धेत येणारी मूर्ती बहुधा कारखान्यात ओतलेली असते. तिच्या हजारो प्रती हजारो टेबलांवर असतात. एकच संहिता हजारो वाचकांपुढे असावी तशी. तीच योद्धी एकाच्या हाती थकलेली होते, दुसऱ्याच्या हाती उन्मत्त. शिल्पातली रेषा बदललेली नसते, वाचन बदललेले असते. रंगारी हा मूर्तीचा भाष्यकार आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. मात्र स्पर्धेने या भाष्यकाराला कर्त्याच्या आसनावर बसवले. न्यूरेंबर्गच्या घरांतून रंग देणाऱ्या बायकांचे नाव कुणी विचारले नव्हते. आता बक्षिसाच्या पाटीवर रंगाऱ्याचेच नाव येते आणि मूर्ती घडवणारा शिल्पकार पुष्कळदा तळटीपेत जातो. पूर्वीचा अन्याय फिटला तो दुसऱ्याच्या वाट्याला गेला, एवढेच.

स्पर्धा म्हणजे एकमेकांवर मात, या कल्पनेलाही याच छंदाने एक पर्याय दिला. युद्धदृश्यांचे अमेरिकन रचनाकार शेपर्ड पेन (१९४६–२०१५) आणि शिकागोतील त्यांचे सहकारी यांनी ज्या खुल्या पद्धतीचा पुरस्कार केला, तिच्यात मूर्तींची आपसांत तुलना होत नाही. प्रत्येक काम एका ठरावीक दर्जाशी ताडून पाहिले जाते; त्या दर्जाला पोचणाऱ्या सर्वांना सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य मिळते. आपल्या परीक्षापद्धतीशी रोज झगडणाऱ्या शिक्षकांना हा भेद समजावून सांगायला नको.

४. सोने रंगवावे की लावावे

२००० च्या सुमारास हौशी रंगाऱ्यांत, विशेषतः फ्रेंच मंडळींत, एका तंत्राचे मोठे आकर्षण निर्माण झाले. तलवार, चिलखत, मुकुट यांना धातूच्या कणांचा चमकता रंग द्यायचा नाही. साध्या राखाडी, तपकिरी, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांतून धातूचा भास उभा करायचा. हे तंत्र नवे वाटले तरी त्यामागचा विचार पाचशे वर्षांहून जुना आहे. लिओन बात्तिस्ता आल्बेर्तीने १४३५ च्या चित्रकलेवरील ग्रंथात नेमका हाच सल्ला दिला होता: चित्रात सोन्याचा वर्ख लावण्यापेक्षा रंगांनी सोन्याची झळाळी साधण्यात चित्रकाराचे कौशल्य अधिक दिसते. वर्ख चिकटवलेल्या चित्रात पाहणाऱ्याच्या जागेप्रमाणे काही भाग काळवंडतो, काही लकाकतो, हेही त्याने हेरले होते.

मराठी वाचकाला याची दुसरी बाजू जवळची आहे. भोसले राजांच्या आश्रयाने बहरलेल्या तंजावरच्या चित्रशैलीत सोन्याचा खराखुरा वर्ख आणि चकाकणारे खडे लावले जात. समईच्या हलत्या ज्योतीत ते सोने हलते. देवापुढे पुढे-मागे होणाऱ्या भक्ताबरोबर त्याची झळाळी जागा बदलते. हे चित्र एका जागी खिळून पाहायचे नसतेच. आल्बेर्तीचे सोने आणि तंजावरचे सोने यांतला फरक कौशल्याचा नाही. पाहणारा स्थिर मानायचा की हलता, हा आहे.

लघुमूर्तीवर हा फरक अधिकच तीव्र होतो, कारण ती चित्र नाही. ती चारी बाजूंनी आहे. धातूच्या कणांचा रंग दिलेली तलवार हातात फिरवली की तिची चमक पात्यावरून सरकते. रंगवलेल्या चमकेची तलवार फिरवली तर चमक जागची हलत नाही, आणि एका कोनानंतर तिचा भास मोडतो. म्हणजे हे तंत्र वापरणारा रंगारी मूर्तीला एक दर्शनी बाजू बहाल करतो. मूर्तीच्या हातातील मशालीचा उजेड तिच्याच गालावर रंगवण्याचे तंत्रही याच जातीचे. जॉर्ज द ला तूरच्या चित्रांतील मेणबत्तीसारखी ही मशाल खोलीतल्या कुठल्याही दिव्याला जुमानत नाही. ज्या क्षणी मूर्तीवर असा प्रकाश गोठवला, त्या क्षणी ती निम्मी छायाचित्र झालीच होती. कॅमेऱ्याने उरलेले निम्मे काम केले.

५. काचेचा परीक्षक

लघुमूर्तीचे छायाचित्र काढणे हे दिसते त्याहून अवघड काम आहे. इतक्या जवळून पाहताना भिंगाला स्पष्ट दिसणारा पट्टा अत्यंत अरुंद होतो. मूर्तीचे नाक स्पष्ट असेल तर कान धूसर होतो. भिंगाचे छिद्र बारीक केले की पट्टा रुंदावतो, पण प्रकाश घटतो आणि छायाचित्राला वेळ लागतो. म्हणून तिपाई लागते. छिद्र फारच बारीक केले तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. दिवा उघडा ठेवला तर त्याच्या खऱ्या सावल्या रंगवलेल्या सावल्यांशी भांडतात. त्यामुळे दोन-तीन दिवे पांढऱ्या कागदाआडून किंवा कापडाआडून लावतात, म्हणजे चहूकडून सारखा मऊ उजेड येतो. त्या उजेडाला स्वतःचे मत नसते. मत रंगाऱ्याचे उरते. मागे शक्यतो राखाडी पडदा ठेवतात, कारण पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीने फसून कॅमेरा मूर्तीला काळवंडून टाकू शकतो.

एवढे करून जे चित्र हाती येते ते मूर्तीपेक्षा मोठे असते. ३० मिलिमीटरची मूर्ती पडद्यावर ३०० मिलिमीटरची दिसली, तर कुंचल्याचा प्रत्येक कंपही दसपट दिसतो. जी चूक कुठल्याही डोळ्याला कधी दिसली नसती, ती उघडी पडते. परिणामी रंगारी कॅमेऱ्यासाठीच रंगवू लागला: काम अर्ध्यावर असताना छायाचित्र काढायचे, त्यात दोष शोधायचे, पुन्हा कुंचला उचलायचा. आपले हस्तलिखित छापील खर्ड्यात वाचल्याशिवाय ज्यांना त्यातले दोष दिसत नाहीत, त्या लेखकांना ही सवय ओळखीची वाटेल.

२००१ मध्ये 'कूल मिनी ऑर नॉट' ही जागा उघडली. तेथे जगभरातले रंगारी छायाचित्रे ठेवीत आणि अनोळखी माणसे त्यांना एक ते दहा गुण देत. याच मंडळींनी २०११ मध्ये अमेरिकेत 'क्रिस्टल ब्रश' ही स्पर्धा सुरू केली. तिचे पहिले बक्षीस दहा हजार डॉलरचे होते, आणि निकालात प्रत्यक्ष मूर्ती पाहणाऱ्या परीक्षकांच्या जोडीने छायाचित्रे पाहणाऱ्यांची मतेही धरली जात. एका कामाला दोन प्रकारचे वाचक अधिकृतपणे लाभले: एक मूर्तीपुढे उभा असलेला, दुसरा फक्त तिची प्रतिमा पाहणारा.

या बदलाने दिले पुष्कळ, हे मान्य करायला हवे. कुठल्याशा छोट्या गावातल्या रंगाऱ्याला विमानाचे तिकीट न काढता जगापुढे येता आले. मात्र गमावले तेही मोजले पाहिजे. छायाचित्रात मूर्तीची पाठ नसते, किंवा असली तर परिशिष्टासारखी असते. वजन नसते. तिच्याभोवती फिरून आपली जागा आपण निवडण्याचे स्वातंत्र्य नसते. शिवाय छायाचित्रातील काळे-पांढरे नंतर यंत्रावर वाढवता येते. अशा वेळी बक्षीस कुंचल्याला दिले की संगणकाला, हा प्रश्न उरतोच.

६. आपला मावळा

दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर उभे राहणारे मावळे हे या शिपायांचे आपल्याकडचे चुलतभाऊ. त्यांच्यावरचा रंग आजही न्यूरेंबर्गच्या अवस्थेत आहे: पागोटे, अंगरखा, ढाल, दोन ठिपक्यांचे डोळे, मिशीची एक रेघ. रंगवणाऱ्याचे नाव अर्थातच कुणाला ठाऊक नाही. महाराज सिंहासनावर बसलेले असूनही महादरवाजाहून उंच असतात आणि ते कुणालाही खटकत नाही, कारण येथे माप महत्त्वाप्रमाणे ठरते. किल्ल्यांच्या स्पर्धा मात्र आपल्याकडेही भरतात. त्यांतही छायाचित्रे मागवली जाऊ लागली, तेव्हापासून किल्ल्याला एक दर्शनी बाजू येऊ लागली आहे. पूर्वी वरून वाकून, मागून डोकावून, पाणी सोडून पाहिला जाणारा किल्ला आता समोरून पाहिला जातो.

याउलट पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी अजून जाणत्या हाताकडे आणि अखेरीस येते. लघुमूर्तीचे पुष्कळ रंगारी डोळे आधीच रंगवून घेतात, कारण रेघ चुकली तर भोवतालच्या त्वचेच्या रंगाने ती सावरता येते. एकीकडे डोळा ही दुरुस्त करता येणारी बारीक जागा आहे. दुसरीकडे त्याच डोळ्याने मूर्ती आपल्याकडे पाहू लागणार आहे. आधी काय रंगवायचे, हा निर्णयही मूर्ती कुणासाठी आहे यावरूनच ठरतो.

म्हणून स्पर्धेच्या नियमांविषयी आमचे मत स्पष्ट आहे. छायाचित्र हे लघुमूर्तीचे भाषांतर आहे, आणि चांगल्या भाषांतराचा मान त्याला द्यावा. त्यासाठी वेगळे बक्षीसही ठेवावे. पण भाषांतर वाचून मुळाला गुण देऊ नयेत. अंतिम निकालापूर्वी परीक्षकाने मूर्ती तळाशी धरून उचलावी, दिव्यापुढे एकदा पूर्ण फिरवावी आणि तिची पाठ पाहावी. ज्याला आपली मूर्ती कुणीतरी उलटून पाहणार आहे हे ठाऊक असते, तो रंगारी पाठही रंगवतो.